पाण्याचा नेम

कल्याण, १ जानेवारी १८९५

ती. आत्याबाईंस सुहासिनीचा नमस्कार.

तुम्ही मला पाहिलेले नाही. तुमचे थोरले भाऊ, ज्यांना तुम्ही अण्णा म्हणत होता, त्यांची मी मुलगी. मीही त्यांना अण्णाच म्हणत असे. गेल्या जून महिन्यात ते प्रभूच्या घरी गेले. शेवटच्या आजारात ते तुमच्याबद्दलच बोलत. लहानपणी पाटीवर तुम्हांला अक्षरे काढायला त्यांनी शिकवले आणि तुमचा 'र' नेहमी पाय मुडपून बसल्यासारखा येई, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की तुमचे हस्ताक्षर पाहिल्याबरोबर ओळखेन. मात्र ते पाहायला मिळेल की नाही, ते तुमच्या हाती आहे.

मी बी. ए. झाले आहे. आमच्या घरात पदवी घेणारी मीच पहिली. माझे यजमान आनंद येथील शाळेत शिक्षक आहेत आणि दर शनिवारी डोंबिवलीच्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवायला जातात. आमची नीला तीन वर्षांची आहे.

आज नव्या वर्षाचा पहिला दिवस. आमच्या मंडळीत आज मातांची सभा भरते. प्रत्येक आईने उभे राहून या वर्षी आपण काय करू ते सांगायचे. फार मोठे सांगायचे नाही, घरात जमेल तेवढेच. मी पुष्कळ सांगितले. रोज सकाळी चुलीपुढे बसण्याआधी नीलाला जवळ घेऊन लहानशी प्रार्थना करीन. तिच्यावर आवाज चढवणार नाही. घरकामात पदवी गंजू द्यायची नाही म्हणून रोज एक पान तरी वाचीन. माझ्या घरात उच्च आणि नीच असा भेद नीलाच्या दृष्टीस पडू देणार नाही. आणि तिला तिची माणसे ठाऊक व्हावीत म्हणून दर महिन्याला तुम्हांला एक पत्र लिहीन, उत्तर येवो वा न येवो. सभेतल्या बायका हसल्या. एक जण म्हणाली, "बाई, आम्ही एकेक सांगितला, तुम्ही टोपलीभर आणलेत!" पण मला खात्री आहे, मनापासून धरले तर सगळे पार पडतील.

सोबत नाताळच्या करंज्या पार्सलाने पाठवल्या आहेत. मी स्वतः केल्या आहेत. गोड मानून घ्याव्या.

तुमची भाची,
सुहासिनी


ठाणे, पौष वद्य ५

चि. सुहासिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. टपालवाल्याने दारात उभं राहून माझं नाव एवढ्या मोठ्याने वाचलं की तलावावर धुणं धुणाऱ्या बायकांनाही कळलं असेल, रंगूबाईला कोणी पत्र लिहिणारं आहे. माझ्या पुतण्याने, त्र्यंबकाने, ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "काकू, कोणाचं?" मी म्हटलं, "माझं." तो समजूतदार आहे, पुढे विचारलं नाही.

अण्णा गेला हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा आमच्या वडिलांनी तो मेला असं समजून त्याचं श्राद्ध उरकलं. तीस वर्षं झाली त्याला. तेव्हा माझं रडून झालं होतं असं मला वाटत होतं. नव्हतं झालेलं.

आता तुझे ते संकल्प. अगं, आमच्यात याला नेम म्हणतात. आम्ही बायका आषाढी एकादशीला एखादा नेम धरतो. कोणी वांगं सोडतं, कोणी जेवताना बोलत नाही, आणि कार्तिकीला सुटका. चार महिन्यांत एका नेमाने जीव मेटाकुटीला येतो, आणि तू वर्षभराचे पाच धरलेस. बी. ए. झाल्यावर जीव मोठा होतो वाटतं?

आवाज चढवणार नाहीस म्हणतेस. तू अण्णाची मुलगी ना? मग बघूच.

करंज्या पोचल्या. संपल्या. डबा परत पाठवते आहे.

माझा 'र' अजून तसाच बसतो. पाहिलास ना?

तुझी आत्या


कल्याण, १० फेब्रुवारी १८९५

ती. आत्याबाईंस नमस्कार.

तुमचा 'र' पाहिला आणि मी मोठ्याने हसले. मग रडलेही. आनंदराव घाबरून शाळेची पुस्तके तशीच टाकून आत आले. त्यांना पत्र दाखवले तर म्हणाले, "हसण्याचं पत्र आहे की रडण्याचं, ते आधी ठरव, म्हणजे मला तोंड कसं करायचं ते कळेल."

करंज्या संपल्या हे वाचून इतका आनंद झाला की काय सांगू! म्हणून आज नारळाच्या वड्या पाठवते आहे. डबा मोठा आहे.

नेमांचा हिशेब प्रामाणिकपणे देते. प्रार्थना रोज होते. नीलाला शेवटचा 'आमेन' फार आवडतो, म्हणून ती तो सुरुवातीलाच म्हणून टाकते. वाचन बहुतेक दिवशी होते. आवाज मात्र चढला. तिने शाईची दौत पाळण्यात ओतली. तुम्ही म्हणाल, सांगितले होते. पण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा नेम धरला. मोडला म्हणून टाकून द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे.

आत्याबाई, एक विनंती आहे. तुम्ही आमच्या घरी या. ठाण्याहून कल्याण ते काय लांब? आमच्या घरी सगळे एका पंगतीला बसतात. आनंदरावांची आई, दूध घालणारी बायजा, कोणीही आले तरी ताट एकसारखेच. नीला तुमच्या शेजारी बसेल. मी वाट पाहते.

तुमची,
सुहासिनी


ठाणे, फाल्गुन शुद्ध ६

चि. सुहासिनीस आशीर्वाद.

वड्या पाठवू नकोस. काहीच पाठवू नकोस.

खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून नीट सांगते. करंज्या संपल्या म्हणजे मी खाल्ल्या असं नव्हे. गाईने खाल्ल्या. वड्याही तिलाच घातल्या. तुमच्या घरात शिजलेलं मला चालत नाही. हे तुझ्या बी. ए. च्या पुस्तकांत नव्हतं का?

आणि नुसतं सोवळं असतं तर एखादे वेळी डोळेझाक केली असती. अण्णाने बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी मी सतरा वर्षांची होते, त्याच वर्षी विधवा झालेली. तलावाच्या पायरीवर वडील बसले होते. ते रडत नव्हते, म्हणून मला भीती वाटली. मी त्यांच्यासमोर ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हटलं, अण्णाच्या घरचं पाणी मी जन्मात पिणार नाही. तेव्हा कुठे ते रडले. तो नेम मी पाळते आहे. तुझ्या पंगतीला मी कशी बसू?

त्र्यंबकाच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. मी तुझ्या घरी जेवले तर माझं काही जाणार नाही, त्यांचं जाईल. तेही ध्यानात घे.

आणखी एक. पहिल्या डब्यातली एक करंजी मी हातात घेतली होती. तिची कड मी पाहिली. ती आमच्या आईची मुरड आहे. दोन वेढे बारीक आणि तिसरा दाबून. ठाण्यात कोणी तशी मुरड घालत नाही. तुझी आई तर मिशनमध्ये वाढलेली पोरकी मुलगी होती, असं ऐकलं होतं. मग तुला ती कोणी शिकवली?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझी आत्या


कल्याण, २ एप्रिल १८९५

ती. आत्याबाईंस नमस्कार.

मुरड मला अण्णांनी शिकवली. त्यांच्या आईजवळ बसून ते लहानपणी पाहत असत. दर नाताळात ते पाटावर बसत आणि आईला आणि मला सांगत, "अशी नव्हे, अशी." पुरुषाने करंजीला हात लावला म्हणून शेजारी हसत. ते म्हणत, "हसू द्या. माझ्या घरातून मी एवढंच बरोबर आणलं."

तुमच्या पत्राने मला दुःख झाले, ते लपवत नाही. माझ्या हातचे अन्न गाईला चालते, तुम्हांला चालत नाही. मी रोज स्नान करते, चूल सारवते, देवाचे नाव घेऊन स्वयंपाकाला लागते. त्यात विटाळ कोठे आला? माणसाने माणसाच्या हातचे पाणी नाकारावे, याहून मोठा अन्याय मला दिसत नाही. अण्णांनी याचसाठी घर सोडले. त्यांनी धरलेले मी मोडू कशी? नीला उद्या विचारील तेव्हा तिला काय सांगू?

तुम्ही रागवाल. पण खोटे बोलायची मलाही सवय नाही.

तुमची,
सुहासिनी


कल्याण, २१ जुलै १८९५

ती. आत्याबाईंस नमस्कार.

मे महिन्यात लिहिले, जूनमध्ये लिहिले, तुमचे उत्तर नाही. हे पत्र नेमाचे आहे म्हणून लिहिते, आणि नेमाचे नसते तरी लिहिले असते.

एप्रिलचे पत्र लिहून टाकले तेव्हा मला फार बरे वाटले होते. भाषण चांगले वठल्यावर वाटते तसे. मग आनंदराव म्हणाले, "तुझ्या पाचांतले दोन नेम एकमेकांचं डोकं फोडताहेत. एक म्हणतो आत्याला जोड, दुसरा म्हणतो आत्याला सुधार." मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "या वर्षी नवऱ्यावर आवाज न चढवण्याचा नेम नाही का?" मी म्हटले, "नाही, तो फक्त नीलासाठी आहे."

त्यानंतर मी शेजारच्या हौसाबाईंना विचारले. त्या सोवळ्याओवळ्याच्या, पण माझ्याशी मोकळ्या बोलतात. त्या म्हणाल्या, "अहो, शिजवलेलं कशाला पाठवलंत? कोरडा शिधा पाठवायचा. नारळ, गूळ, रवा. त्याला कोण नाही म्हणेल?" मला हे खरोखर ठाऊक नव्हते. अण्णांनी आम्हांला ते कधी सांगितले नाही, बहुधा मुद्दामच. मी तुम्हांला पंगतीला बोलावत राहिले आणि तुम्ही मला प्रत्येक वेळी नाही म्हणावे, अशीच सोय करत राहिले.

म्हणून आज शिधा पाठवते आहे. सोबत कसली अट नाही, शिकवण नाही. तुम्हांला आवडेल ते करावे. गाईला घातला तरी माझी तक्रार नाही, तिची आणि माझी आता ओळख झाली आहे.

नीला बरी आहे. परवा तिने मला विचारले, "पत्रातली आजी कुठे आहे?" मी म्हटले, "ठाण्याला." ती म्हणाली, "मग ती इकडे का बघत नाही?"

तुमची,
सुहासिनी


ठाणे, कार्तिक शुद्ध ४

चि. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

रागावले होते. नंतर राग गेला आणि लाज वाटायला लागली. लाज वाटली की मला लिहिता येत नाही. म्हणून इतके दिवस गेले.

तुझा नारळ आणि गूळ मी दिवाळीपर्यंत राखून ठेवला. तो गाईला घातला नाही. दिवाळीत त्याच्या करंज्या केल्या. मुरड घालताना बोटं थरथरतात आता, तिसरा वेढा दाबायचा राहतो. त्र्यंबकाच्या धाकटीने विचारलं, "काकूआजी, ही कड कोणाची?" मी म्हटलं, "माझ्या आईची." तिला शिकवली. आणि बसून खाल्ल्या. गोड झाल्या होत्या.

आता कामाचं. मार्गशीर्षात त्र्यंबक मला काशीला नेतो आहे. फार दिवस मनात होतं. माझं वय झालं, छातीत कळ येते, वैद्य म्हणाला लांबचा प्रवास करू नका, म्हणून आत्ताच जायला हवं. उद्या वैद्य आणखी काही म्हणायचा. काशीला गेलेलं माणूस परत येतंच असं नाही, आणि तसं घडलं तर त्यात वाईटही नाही.

मेल ठाण्याला थांबत नाही. सकाळच्या गाडीने कल्याणला उतरायचं आणि दुपारनंतरच्या मेलीत बसायचं. मधला वेळ त्र्यंबक ओळखीच्या घरी जाणार आहे. मी म्हटलं, मी देवळात बसेन. तो म्हणाला, "काकू, तुम्ही कुठल्या देवळात बसाल ते मला सांगू नका, म्हणजे मला ठाऊक नसेल."

तर मी येऊ का? पण आधी ऐक. तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही. अंगणात तीन दगड मांडून माझा भात मी करीन. पाणी ठाण्याहून माझ्या कळशीतलं आणीन. तुझी मुलगी हे सगळं पाहील. तुझ्या घरात भेद दिसू द्यायचा नाही, हा तुझा नेम आहे. तो माझ्यामुळे मोडेल. म्हणून विचारते. नको म्हणालीस तर मी खरोखरच देवळात बसेन आणि तुझ्यावर रागावणार नाही. नेम पाळणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

तुझी आत्या


कल्याण, २८ ऑक्टोबर १८९५

ती. आत्याबाईंस नमस्कार.

या. नक्की या.

तुमचे पत्र आल्यापासून मी याच एका गोष्टीचा विचार केला. प्रार्थनेत केला, भाकरी थापताना केला, शेणाळे तलावाच्या काठाने नीलाचे बोट धरून फिरताना केला. आधी वाटले, अंगणात वेगळी चूल म्हणजे अण्णांना पाठ दाखवणे. मग वाटले, अण्णा असते तर ते स्वतः धावत जाऊन दगड मांडून आले असते.

आत्याबाई, मी भेद मानत नाही आणि माझ्या मुलीला मानू देणार नाही. त्यात बदल नाही. पण तुम्ही पाण्याला नाही म्हणता ते आम्हांला हलके समजून नव्हे, तुमच्या वडिलांना रडता यावे म्हणून तुम्ही शब्द दिला होता. दिलेला शब्द मोडायला लावणे हे मी कोणत्या तोंडाने करू? मी नीलाला एवढेच सांगेन की आजीचा नेम आहे. पण माझीही एक अट आहे. नीलाने काही विचारले तर तुमच्या वतीने मी उत्तर देणार नाही. सारवासारव करणार नाही, तुमची बाजू मांडणार नाही आणि माझीही नाही. ती विचारील, तुम्ही सांगा. ती पुष्कळ विचारते, हे आधीच कळवून ठेवते.

जास्वंदीजवळची जागा सारवून ठेवते. दगड आनंदराव डोंबिवलीच्या शेतातून आणणार आहेत. कल्याणात दगड नाहीत का, असे विचारले तर म्हणाले, "तुझ्या आत्याबाईंची चूल आहे, निवडून आणायला नकोत?"

तुमची,
सुहासिनी


काशी, मार्गशीर्ष वद्य ९

चि. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. छाती ठीक आहे. येथे थंडी फार. त्र्यंबक डोक्याला मुंडासं गुंडाळून हिंडतो, लोक त्याला पंड्या समजतात.

तुझ्या अंगणात मी नीट बोलले नाही, ते आता लिहिते. तोंडाने मला कधीच जमलं नाही.

तू दारात उभी होतीस आणि मला वाटलं, अण्णाच लुगडं नेसून उभा आहे. तीच भुवई. म्हणून मी आल्या आल्या दगडांना नावं ठेवली. दगड चांगले होते, तुझ्या नवऱ्याला सांग.

नीलाने काय काय विचारलं! "आजी, तुझे केस कुठे गेले?" मी म्हटलं, "उंदराने नेले." ती खुशाल उंदीर शोधायला गेली. "तुझं लुगडं लाल का? तू आत का येत नाहीस? तुला आमची मांजर चावेल म्हणून?" मी एकेकाला काहीतरी सांगत गेले. आणि मग ती हातात पेला घेऊन आली. डुचमळत, अर्धं पाणी परकरावर. म्हणाली, "तुझ्या कळशीतलं पाणी शिळं आहे. हे ताजं आहे." मी म्हटलं, "नको ग." तिने पेल्यात पाहिलं, बोट बुडवून चाखलं आणि मला विचारलं, "आमचं पाणी कडू आहे का?"

तू चुलीपलीकडे उभी होतीस. शब्द दिल्याप्रमाणे तू गप्प राहिलीस. मी तुझ्याकडे पाहिलं, तू जास्वंदीकडे पाहत होतीस. तुला सांगते, तेव्हा तू काहीतरी बोलली असतीस तर मला बरं झालं असतं. तू बोलली नाहीस हे चांगलं केलंस.

मी उत्तर दिलं नाही. तिने तो पेला माझ्या कळशीशेजारी ठेवून दिला, "मग नंतर पी" म्हणाली. गाडीत बसेपर्यंत तो माझ्या डोळ्यांपुढून हलेना. जबलपूर गेलं तरी हलेना.

काशीला आलं की आपल्याला आवडणारी एक गोष्ट जन्मभरासाठी गंगेत सोडून द्यायची, अशी रीत आहे. आमच्या बरोबरच्या कोणी आंबा सोडला, कोणी साखर. पंड्याने मला विचारलं, "बाई, काय सोडता?" मी मोठ्याने म्हटलं, "फणस." त्र्यंबक हसायला लागला. फणस मला जन्मात आवडलेला नाही.

पण गंगेला फसवायचं नसतं. आवडतं तेच सोडायचं. मी पाण्यात उभी राहून विचार केला, मला आवडणारं काय आहे? विधवेला आवडायला उरतं काय! आणि मग ध्यानात आलं. तो नेम मला आवडायला लागला होता. अण्णावर रागावण्याचं तेवढंच एक साधन माझ्याजवळ राहिलं होतं. वडिलांसाठी धरला, वडील गेले. अण्णासाठी पाळला, अण्णाही गेला. आता मी तो एका पोरीच्या पेल्यावर पाळत होते.

ओंजळीतल्या पाण्याने धरला होता, ओंजळीतल्या पाण्याने सोडला.

इतकं वाचून लगेच पंगत मांडू नकोस. माझं सोवळं माझ्यापाशी राहील, भात मी माझाच करीन, तुझ्या त्या तीन दगडांवर. फक्त पाणी. नीलाने विचारलं होतं त्याचं हेच उत्तर, आणि ते तिला मी येऊन देणार.

त्र्यंबकाला सांगितलं. त्याच्या मुलींचा प्रश्न आहे, न सांगता करणं बरं नव्हे. तो घाट उतरून पाय धुऊन आला. मग म्हणाला, "काकू, कल्याणला तुम्ही कुठल्या देवळात बसता ते मी अजून विचारलेलं नाही, आणि पुढेही विचारणार नाही." आणि येताना तुझ्या नवऱ्यासाठी लाकडाची एक फणी घेऊन आला. म्हणाला, "देवळात द्या कोणाला तरी."

संक्रांतीचं प्रयागचं स्नान करून परत फिरायचं आहे. कोणती गाडी, कोणता दिवस, ते ठरलं नाही. नीलाला सांग, कडू नाही ग.

तुझी आत्या, रंगू


कल्याण, १ जानेवारी १८९६

ती. आत्याबाईंस साष्टांग नमस्कार.

हे पत्र प्रयागला तुमच्या हाती पडेल की तुमच्यामागून ठाण्याला येईल, ठाऊक नाही. तरी लिहिते.

आज पुन्हा मातांची सभा होती. बायका म्हणाल्या, "सुहासिनीबाईंना शेवटी उठवा, त्यांची टोपली मोठी असते." मी उठले आणि एकच संकल्प सांगितला. मुलीने प्रश्न विचारला की उत्तर खरे द्यायचे, आणि उत्तर माझे नसेल तर ज्याचे आहे त्याला देऊ द्यायचे, मध्ये बोलायचे नाही. सभेतल्या कोणाला ते फारसे समजले नाही. "एवढंच?" म्हणून मागून कोणीतरी विचारले. मी म्हटले, "एवढंच. फार अवघड आहे, करून पाहा."

गेल्या वर्षीच्या पाचांचे काय झाले ते तुम्ही विचाराल. प्रार्थना टिकली. वाचन मधूनमधून. आवाज चढतो, पण आता लवकर उतरतो. भेदाविषयीचा नेम मी मोडला की पाळला, हे मला आजही नीट सांगता येत नाही, आणि त्याचे मला आता भय वाटत नाही. तुम्हांला पत्र लिहिण्याचा मात्र पुरता पार पडला. तो यंदा नेमांत धरला नाही. जेवायचा नेम कोणी धरते का?

तुमचे पत्र मी नीलाला वाचून दाखवले, तिला समजेल तेवढे. "कडू नाही" हे ऐकून तिने मान डोलावली, जणू तिला ते आधीच ठाऊक होते. पण तिनेही एक नेम धरला आहे, मी न सांगता. रोज सकाळी 'आमेन' म्हटले की ती तुमचा पेला राखेने घासते, माठातून भरते आणि दगडांच्या चुलीशेजारी पानाने झाकून ठेवते. दिवस मावळताना ते पाणी जास्वंदीला घालते. मी म्हटले, "अगं, आजी संक्रांतीनंतर येणार आहे. आतापासून कशाला?"

ती म्हणाली, "ती लवकर आली तर?"

म्हणून लिहिते, आत्याबाई, कोणत्याही दिवशी या, कोणत्याही गाडीने या. पेला भरलेला असतो.

तुमची,
सुहासिनी